शेरा

जामदा बंधाऱ्याखाली, कालव्याच्या कडेला
आमचं मत्स्यबीज केंद्र:
अकरा सिमेंटच्या टाक्या, एक फाटकं शेडनेट,
एक सूक्ष्मदर्शक
आणि नथ्थूआबा वाडिले.

आबांच्या डाव्या नाकपुडीत अजून भोक आहे.
आधीची चार गेली, म्हणून पाचव्याचं नाक टोचून
मायनं नथ घातली, परकर नेसवला,
सात वर्षं पोरगी म्हणून हाक मारली.
"मनी मायनी मरनले फसाडं," आबा म्हणतात
आणि भुकटीत औषध कालवतात.

किलोला साठ मिलिग्रॅम.
स्पिरिटात विरघळवून, सावलीत पसरून,
वास उडेपर्यंत.
चिलापीचं पिल्लू तांदळाच्या कणीएवढं,
त्याचं अजून काहीच ठरलेलं नसतं.
एकवीस दिवस, दिवसातून पाच वेळा चिमूट चिमूट,
की टाकीभर नर.

कारण मादी अंडी तोंडात धरते
आणि धरते तोवर काही खात नाही.
न खाणारीचं वजन भरत नाही.
व्यापारी तर वजनच मोजतो.

मे महिन्यात आबा बाटली वर उचलून
सूर्याला दाखवतात.
पाणी छत्तिसाच्या वर चढलं
की ऊनसुद्धा थोडे नर करून ठेवतं.
"खान्देसनं ऊन, फुकटनं औसद."

क-सात टाकीत उलटा कारभार.
तिथली पिल्लं दुसऱ्या बाटलीवर वाढली,
सगळ्या माद्या झाल्या.
काही मुळातल्याच,
काही पोटात अंडी आणि आत नराचं बीज घेऊन
त्याच पाण्यात फिरणाऱ्या.
पाहून कळत नाही. लेकरांवरून ओळखायचं:
औषधाशिवाय वाढवलेली शंभर पिल्लं चिरायची,
धाग्याएवढा अवयव काचेवर दाबायचा,
वर लाल रंगाचा थेंब.
वाटोळे दाणे दिसले, मादी.
बारीक रवा दिसला, नर.
पन्नास-पन्नास म्हणजे साधी आई.
पाऊणशे रवा आला
तर ही आई बीजानं बाप.
तिच्या मुलांतले काही असे निघतील
की त्यांच्या पोरांना बाटली लागणारच नाही.

फाल्गुनात मला दिवस गेले.
आबांनी काही विचारलं नाही.
बाटली माझ्या हातातून काढून कुलपात ठेवली,
"तू आते काचवरच बठ."

भडगावच्या दवाखान्यात भिंतीवर पाटी होती,
येथे गर्भलिंग सांगितले जात नाही.
मी ती दोनदा वाचली.
आमच्या केंद्रात अशी पाटी नाही,
आमच्याकडे रकानेच आहेत.
पोटावर गार जेली, पडद्यावर राखाडी काहीतरी
पोहत होतं. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले.
बाहेर बाकावर सासू: "काय शे?"
मी म्हटलं, "शे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर.
शहात्तर रवा, चोवीस दाणे.
मी पुन्हा मोजले.
क-सात, खूण तीन.

आबांनी तिला जाळीनं उचललं.
जबड्याला अंगठा लावायचा,
मगात डोकं खाली करून हलवायचं,
अंडी गळतात, केशरी, भिजल्या खसखशीसारखी फुगलेली.
आबांनी हे हजारदा केलंय.
तिनं जबडा आवळला.
गालफडं भरलेली, कल्ले धपापताहेत,
पोट आत गेलेलं.

"हाई माय शे का बाप?" मी विचारलं.

आबांनी नाकपुडी चोळली, तिथंच, भोकाशी.
मग ओला हात पाण्यात बुडवून
तिला सोडून दिलं.
ती तळाशी जाऊन कोपऱ्यात थांबली,
आमच्याकडे पाठ करून.

रजिस्टरात तारीख लिहिली, टाकी लिहिली, खूण लिहिली.
अंड्यांची संख्या, कोरी.
शेऱ्यात मी लिहिलं:
तोंड उघडलं नाही. उद्या बघू.
आबांनी चष्मा लावून वाचलं,
आणि 'उद्या' खोडून
'नंतर' केलं.